रणगाड्याची निवड : असल उत्तरपासून अर्जुनपर्यंत

प्रस्तावना :

सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरवर नजर ठेवण्यासाठी इंग्रजांनी १८२१ मध्ये कन्हान नदीच्या काठी कामठीची छावणी वसविली. आज या छावणीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र असून तिच्या अनेक पलटणी रणगाड्यांच्या बरोबरीने चिलखती वाहनांतून लढण्यासाठी तयार केल्या जातात. साहजिकच या परिसरातील विद्यार्थी वर्गात एक प्रश्न हमखास विचारतात : जगातील सर्वांत चांगला रणगाडा कोणता? तोफेचा व्यास, चिलखताची जाडी, इंजिनाची अश्वशक्ती यांचे तक्ते आता सहज उपलब्ध असल्याने उत्तर सोपे आहे, असा त्यांचा समज असतो. प्रत्यक्षात कोणत्याही राष्ट्राने केवळ तक्ता पाहून रणगाडा निवडल्याचे उदाहरण इतिहासात सापडणे कठीण आहे. पुरवठा करणाऱ्या देशाचे राजकारण, विकत घेणाऱ्याची पत, वाटेतील पूल आणि कारखान्यातील साचे यांनीच ही निवड बहुतांशी ठरविली आहे, हे भारताच्या अनुभवावरून दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पॅटन आणि शेरमन :

सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातील खेमकरणजवळ असल उत्तर येथे झालेली लढाई या दृष्टीने उद्बोधक ठरते. पाकिस्तानच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनकडे अमेरिकन बनावटीचे एम-४७ आणि एम-४८ पॅटन रणगाडे होते. ९० मिलिमीटरची तोफ, भक्कम चिलखत आणि प्रगत अंतरमापक यांमुळे कागदावर ते श्रेष्ठ होते. समोर उभ्या असलेल्या भारतीय रेजिमेंटांपैकी थर्ड कॅव्हलरीकडे ब्रिटिश सेंच्युरियन, एट्थ कॅव्हलरीकडे फ्रेंच बनावटीचे हलके एएमएक्स-१३, तर डेक्कन हॉर्सकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील शेरमन होते. डेक्कन हॉर्सचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य करीत होते. अलिबाग येथे जन्मलेले हे अधिकारी पुढे १९८३ मध्ये भारताचे लष्करप्रमुख झाले.

भारतीय तुकड्यांनी नालाच्या आकाराची बचावरेषा आखली, उंच वाढलेल्या उसात रणगाडे दडविले आणि शेतांत पाणी सोडले. जड पॅटन चिखलात रुतले आणि त्यांच्या कडेच्या कमकुवत बाजू जवळून माऱ्यात आल्या. जीपवर बसविलेल्या रिकॉइललेस तोफेने पॅटन टिपणाऱ्या फोर ग्रेनेडियर्सच्या अब्दुल हमीद यांना मरणोत्तर परमवीर चक्र, तर वैद्य यांना महावीर चक्र मिळाले. भारतीय नोंदींनुसार पाकिस्तानने या लढाईत ९७ रणगाडे गमावले. पॅटनची गुंतागुंतीची नेमबाजी यंत्रणा घाईने प्रशिक्षण घेतलेल्या जवानांना पेलली नाही, असेही अनेक अभ्यासक नमूद करतात. म्हणून पॅटन वाईट होता असे नव्हे. ज्या जमिनीवर आणि ज्या हातांत तो आला, त्यांच्यासाठी तो निवडलेलाच नव्हता, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

तो पाकिस्तानकडे आला तो १९५४ च्या अमेरिका-पाकिस्तान लष्करी साहाय्य कराराने. शीतयुद्धातील गटबाजीत अमेरिकेला साम्यवादविरोधी मित्र हवा होता. भारताचे सेंच्युरियन हे ब्रिटिश पद्धतीच्या प्रशिक्षणाचा आणि जुन्या संबंधांचा वारसा होते. एएमएक्स-१३ चे मोल मात्र निराळ्याच ठिकाणी कळले. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनशी युद्ध पेटले असता हे सुमारे १५ टनी रणगाडे एएन-१२ विमानांतून लडाखमधील चुशुलला उतरविता आले. त्यापेक्षा कितीतरी बलाढ्य असलेला सेंच्युरियन तेथे पोहोचूच शकला नसता.

शस्त्रबंदी आणि रशियाकडे वळण :

१९६५ च्या युद्धात अमेरिकेने दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा थांबविला. ब्रिटननेही हात आखडता घेतला. पाकिस्तान चिनी टी-५९ कडे वळला, तर भारताने सोव्हिएत टी-५५ आणि पाण्यात तरंगणारे पीटी-७६ घेतले. हे पीटी-७६ १९७१ मध्ये पूर्व बंगालच्या नद्यानाल्यांत उपयोगी पडले. सोव्हिएत व्यवहार रुपयांत व दीर्घ मुदतीच्या कर्जावर होत असल्याने परकीय चलनाचा ताण नव्हता. दरम्यान व्हिकर्स कंपनीच्या आरेखनावरून मद्रासजवळील आवडी येथे १०५ मिलिमीटर तोफेचा विजयंता तयार होऊ लागला होता. त्याचे चिलखत पातळ होते, पण तो देशात बनत होता, आणि त्या काळी हा गुण निर्णायक ठरला.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस टी-७२ ची निवड झाली आणि पुढे आवडीतच 'अजेय' या नावाने त्याचे उत्पादन सुरू झाले. पाकिस्तानने युक्रेनकडून ३२० टी-८० यूडी घेतल्यावर भारताने फेब्रुवारी २००१ मध्ये ३१० टी-९० चा करार केला. शेजाऱ्याच्या खरेदीला उत्तर म्हणून झालेली ही खरेदी होती.

अर्जुनचा प्रश्न :

१९७४ मध्ये मंजूर झालेला अर्जुन लष्करात दाखल होण्यास २००४ उजाडले. सुमारे ५८ टन वजन, १२० मिलिमीटरची तोफ, चार जवान आणि जर्मन इंजिन हे त्याचे स्वरूप. मार्च २०१० मध्ये राजस्थानात त्याची टी-९० शी तुलनात्मक चाचणी झाली आणि त्याच वर्षी आणखी १२४ अर्जुनांची मागणी नोंदविण्यात आली. २०२१ मध्ये ११८ सुधारित अर्जुनांचा सुमारे ७,५२३ कोटी रुपयांचा करार झाला. तरीही टी-९० ची संख्या हजाराच्या पुढे असताना अर्जुन काही शेकड्यांपुरताच राहिला.

याचे कारण म्हणून वजन पुढे केले जाते. रुंद साखळीपट्ट्यांमुळे अर्जुनचा जमिनीवरील दाब रशियन रणगाड्यांच्या तोडीचाच आहे. पण पुलाला दाबापेक्षा एकूण वजनाशी कर्तव्य असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत ७० टनी साखळीपट्ट्याच्या वाहनाचा भार गृहीत धरून महामार्गांवरील पुलांचे आरेखन केले जाते. कन्हानसारख्या नदीवरच्या महामार्गाच्या नव्या पुलाची ताकद अशा रीतीने रणगाड्याच्या हिशेबानेही मोजलेली असते, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. पंजाबच्या कालव्यांवरील जुन्या व लहान पुलांचे तसे नाही. सुधारित अर्जुन तर ६८ टनांच्या घरात गेला आहे.

हे कारण खरे असले तरी पुरेसे नाही, असे आमचे मत आहे. टी-७२ आणि टी-९० ची तोफ १२५ मिलिमीटरची व गुळगुळीत नळीची, अर्जुनची आटे पाडलेल्या नळीची. एकाचा गोळा दुसऱ्यात चालत नाही. विदर्भात अंबाझरी, भंडारा आणि चांदा येथे दारूगोळ्याचे कारखाने असल्याने याचा अर्थ येथील वाचकाला वेगळा सांगावयास नको. तोफेचा व्यास ठरला की साचे, भरण, परीक्षण आणि गोदामे यांची घडी पुढील तीस-चाळीस वर्षांसाठी बसते. ती मोडण्याचा खर्च रणगाड्याच्या किमतीत कोठेही दिसत नाही.

आत बसणाऱ्या जवानाचाही विचार याच संदर्भात करावा लागतो. रशियन रणगाड्यात स्वयंचलित भरणयंत्र असल्याने तीन जवान पुरतात व रणगाडा बुटका राहतो. मात्र गोळे जवानांच्या पायाखाली असतात. १९९१ मध्ये इराकमध्ये आणि २०२२ पासून युक्रेनमध्ये मार बसताच टी-७२ चे टरेट उडून गेल्याची दृश्ये जगाने पाहिली. भारताच्या रणगाडा दलाचा मोठा भाग याच रचनेवर उभा आहे, आणि तुलनेच्या तक्त्यात या बाबीला क्वचितच रकाना असतो.

२०२० मध्ये गलवानच्या संघर्षानंतर टी-७२ आणि टी-९० लडाखला न्यावे लागले व चुशुलचा १९६२ चा प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्यातून २५ टनी 'झोरावर' या हलक्या रणगाड्याचा प्रकल्प पुढे आला. त्याचा पहिला नमुना जुलै २०२४ मध्ये हजिरा येथे दाखविण्यात आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ४,२०० मीटर उंचीवर त्याने चाचणीदाखल गोळे डागले. या नमुन्याचे टरेट बेल्जियमच्या जॉन कॉकरिल कंपनीचे असून इंजिन अमेरिकेच्या कमिन्स कंपनीचे आहे.