इंधन बदललं, वाट तीच

मी राहतो दिल्लीत, मुनिरक्याला. आउटर रिंग रोडवरून सीएनजीच्या बसगाड्या दिवसभर जात असतात. त्यांचा इतिहास आपण नेहमी धुराच्या बाजूने ऐकतो. आज तो रसदेच्या बाजूने पाहू. फौजेत पहिला प्रश्न असतो : माल आहे, पण पोचणार कसा?

28 जुलै 1998 रोजी, एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की 31 मार्च 2001 पर्यंत दिल्लीतल्या सगळ्या शहर बसगाड्या सीएनजीवर आणा. त्याच आदेशात गॅस भरण्याची केंद्रं 9 वरून 80 करायला सांगितलं होतं. बस आणि पंप दोन्हींचा हिशोब झाला. पण पंपापर्यंतची वाट?

ती वाट तयार नव्हती, म्हणून रिक्षा-बसगाड्यांच्या लांबलचक रांगा लागल्या. आपल्या रघुनाथ माशेलकरांच्या समितीचं म्हणणं होतं की सरकारने प्रदूषणाची मर्यादा ठरवावी, इंधन कोणतं ते ठरवू नये. न्यायालयाला ते पटलं नाही. एप्रिल 2002 मध्ये डिझेल बसवर रोज 500 रुपये दंड बसला आणि वर्षअखेर शहरातल्या डिझेल बस गेल्या. हवेला त्याचा फायदा झाला, हे मान्यच करायला हवं.

पण वाहिनी नसलेल्या पंपांना गॅस ट्रकवरून जातो. हवेच्या दाबाच्या दोनशे पटींहून अधिक दाबाने भरलेली नळकांडी भर वस्तीतून फिरतात. गळती झाली तर मिथेन वर निघून जातो, स्फोटाची भीती कमी होते. पण वीस वर्षांच्या हिशोबात तोच मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. म्हणजे बसच्या नळीतला धूर कमी केला, तरी वाटेवरची गळती मोजावीच लागते.

आता महाराष्ट्राकडे या. 2003 पासून पेट्रोलमध्ये 5 टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. आज प्रमाण 20 टक्क्यांवर आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून पेट्रोलच्या नेहमीच्या वाहिनीतून ते सहसा पाठवत नाहीत. ते टँकरने किंवा रेल्वेने जातं. आपले कारखाने भीमा, कृष्णा, गोदावरीच्या खोऱ्यांत आहेत. टँकर पुलावर उलटला तर डिझेलचा तवंग दिसतो, अडवता येतो. इथेनॉल पाण्यात विरघळतं. जिवाणू ते खातात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. मे 2000 मध्ये अमेरिकेत केंटकी नदीत जळत्या गोदामातलं मद्य वाहून गेलं, तेव्हा कित्येक मैल मासे मेले ते याच कारणाने. आग लागली तरी साधा फेस अल्कोहोलवर टिकत नाही, वेगळा लागतो. तो आपल्या तालुक्याच्या अग्निशमन बंबात आहे का, हे विचारून पाहा.

2023 मध्ये दिल्लीत हायड्रोजनची बस आली. त्याची ज्वाला दिवसा जवळपास दिसतच नाही. नवीन इंधनाला माझा विरोध नाही. मागणी एवढीच : प्रत्येक इंधनाच्या आदेशासोबत वाटेचाही आदेश निघावा. कोणता रस्ता, कोणती वेळ, कोणता पूल, पुलाखाली कोणाचं पाणी, आणि पहिला बंब किती मिनिटांत पोचणार. रसदेचा नकाशा नसेल, तर मोहीम अर्धीच आखलेली असते. जय हिंद.