भोंग्यावरचे परळ

गिरणगावाचा इतिहास म्हटला, की संप, मोर्चे आणि शाहिरांचे पोवाडे आठवतात. आज मात्र मी बोलणार आहे तो कानांनी आणि नाकाने जपलेल्या इतिहासाबद्दल. मी परळच्या चाळीत वाढलो. घरात घड्याळ असो-नसो, वेळ कळायची ती गिरणीच्या भोंग्यावरून.

कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला मुंबईतली पहिली कापड गिरणी काढली. पुढे परळ-लालबागभर धुराडी उभी राहिली आणि कोकणातून, घाटावरून माणसे आली. गावी कोंबडा आरवला, ऊन अंगणात उतरले, की वेळ समजे. इथे ते काम भोंग्याने उचलले. पहिली पाळी सकाळी सातची, दुसरी दुपारी साडेतीनची, तिसरी मध्यरात्रीची. कुठला भोंगा कुठल्या गिरणीचा, हे आमच्या चाळीतल्या बायका नुसत्या आवाजावरून सांगत. त्यावर चूल पेटे, डबा भरला जाई.

गिरणीत मागांचा खडखडाट एवढा, की शेजारच्याशी बोलायचे ते हातवाऱ्यांनी. तरीही मुरलेल्या कामगाराला आपल्या मागाचा आवाज जरा बदलला, तरी कळे. सजगता शिकवणारी शिबिरे हल्ली जागोजागी भरतात. गिरणीत ती पोटासाठी अंगी बाणवावी लागे आणि तिच्यावर हक्क मालकाचा असे. म्हणूनच पाळी सुटल्यावरच्या कटिंग चहाला मोल होते. तो घोट घेताना कामगाराचे लक्ष त्याचे स्वतःचे असे. एकेका खोलीत अनेक जण पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. गावच्या मसाल्यातल्या कालवणाचा पहिला घास घशाखाली उतरला, की माणूस क्षणभर घरी जाऊन येई. ते कालवण रांधणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले.

हे सारे गोड मानून चालणार नाही. त्याच खडखडाटाने कित्येकांचे कान गेले. कापसाच्या धुळीने छातीला खोकला जडला. डॉक्टर त्याला बिसिनोसिस म्हणतात. जुने दिवस आठवताना चहाचा वास घ्यायचा आणि तो खोकला ऐकायचा नाही, हे बरे नव्हे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पुढच्या वर्षांत एकेक गिरणी बंद पडली, एकेक भोंगा थांबला. आमच्या शेजारचे एक काका त्यानंतरही कितीतरी महिने सातच्या आत अंघोळ उरकून दारात उभे राहत. शरीराला लागलेली वेळ एकदम सुटत नाही.

आज त्या जागी मॉल आणि काचेच्या कचेऱ्या आहेत. पण सगळेच गेलेले नाही. पावसाळ्याआधी लालबागच्या मसाला बाजारात जा. बेडगी, संकेश्वरी मिरच्यांचे ढीग, भाजणीचा ठसका, कांडप यंत्राचा ठोका. वर्षाची बेगमी करायला बायका अजून लांबून येतात. पुढे चिवडा गल्लीत फोडणीचा वास येतो. गणपतीच्या दिवसांआधी कारखान्यांतून रंगाचा वास दरवळतो.

आणि परळ गावातल्या बारादेवीला जरूर जा. १९३१ साली रस्त्याचे काम चालू असताना इथे एक भव्य शिल्प सापडले. सुमारे सहाव्या शतकातले. एकातून एक उमलावे तसे सात शिव आणि पायाशी वाद्ये वाजवणारे गण. घाईत पाहिले तर नुसती शिळा दिसते. थोडे थांबलात, तर एकेक आकृती वर येत जाते. गिरण्यांच्या कितीतरी आधीचे परळ तिथे उभे आहे. पाच मिनिटे थांबा आणि नीट पाहा.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)