गर्भपातबंदी आणि कृष्णवर्णीय मातांचे आरोग्य (अमेरिका)

अमेरिकेत गर्भपाताचा कायदा हा न्यायालयाचा विषय आणि बाळंतपणातील वर्णभेद हा रुग्णालयाचा, अशी वाटणी रूढ आहे. ती टिकणारी नाही. स्त्रीच्या देहाविषयी अखेरचा शब्द कोणाचा, हा वाद दोन्हीकडे आहे. ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात (1973) सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताला दिलेले घटनात्मक संरक्षण 24 जून 2022 च्या ‘डॉब्स’ निकालाने काढून घेतले आणि निर्णय राज्यांवर सोपवला. डॉब्स खटला मिसिसिपीतला. लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सर्वांत जास्त असलेले हे राज्य. तेथे 7 जुलैपासून जवळजवळ संपूर्ण बंदी लागू झाली. मातेच्या जिवाला धोका किंवा पोलिसांत नोंदवलेला बलात्कार, एवढेच अपवाद उरले.

आता दुसरी, रुग्णालयाची बाजू. राष्ट्रीय आकडेवारीनुसार 2023 मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे 50.3 कृष्णवर्णीय माता दगावल्या, तर श्वेतवर्णीय 14.5. यावर पहिला आक्षेप गरिबीचा: फरक वर्णाचा नसून पैशाचा आहे. पण 2007 ते 2016 या काळातील नोंदींत महाविद्यालयीन पदवी घेतलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचा मृत्युदरही तितक्याच शिकलेल्या श्वेतवर्णीय स्त्रियांच्या 5.2 पट होता. दुसरा आक्षेप मोजणीचा आहे आणि त्यात तथ्यही आहे. मृत्युदाखल्यावरील गरोदरपणाच्या चौकटीमुळे एकूण आकडा फुगतो, असे काही संशोधक दाखवतात. मात्र दुरुस्त केलेल्या मोजणीतही वर्णांमधली दरी बुजत नाही.

बंदीच्या समर्थकांचा खरा युक्तिवाद वेगळा आहे. गर्भ हाही जीव आहे, आणि मातेचा जीव धोक्यात आला तर अपवाद ठेवलेलाच आहे, असे ते म्हणतात. गर्भाच्या नैतिक स्थानाविषयी प्रामाणिक मतभेद असू शकतो, तो कोशनोंदीने मिटणारही नाही. अपवादाचे मात्र तपासता येते. धोका पुरेसा झाला की नाही हे ठरवतो डॉक्टर, आणि अंदाज चुकला तर तुरुंगाची भीतीही त्यालाच. साहजिकच तो थांबतो. अशा वेळी रुग्णाच्या तक्रारीवर विश्वास बसणे निर्णायक ठरते. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या 2016 च्या अभ्यासात पाहणीतल्या श्वेतवर्णीय वैद्यकीय विद्यार्थी व निवासी डॉक्टरांपैकी सुमारे निम्म्यांनी कृष्णवर्णीयांच्या शरीराविषयीची किमान एक चुकीची समजूत खरी मानली. त्यांची कातडी जाड असते, ही त्यांतलीच एक. असे गैरसमज बाळगणाऱ्यांनी कृष्णवर्णीय रुग्णांच्या वेदनाही कमी लेखल्या. कागदावर सर्वांना सारखा असलेला अपवाद खाटेपाशी असा असमान होतो.

सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी 2019 मध्ये उलट बाजू मांडली: गर्भपात हे वंशशुद्धीवाद्यांचे हत्यार होऊ शकते, म्हणून राज्याने त्याचा तसा वापर रोखण्यात गैर नाही. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही, कारण त्यामागचा इतिहास काळा आहे. 1840 च्या दशकात अलाबामातील माँटगोमरीत जे. मॅरियन सिम्स या शल्यविशारदाने गुलाम स्त्रियांवर भूल न देता वारंवार शस्त्रक्रिया केल्या. 1961 मध्ये मिसिसिपीच्या फॅनी लू हेमर या पुढे नागरी हक्क कार्यकर्त्या झालेल्या कृष्णवर्णीय स्त्रीचे गर्भाशय तिला न विचारता काढले गेले. रो निकालाच्याच वर्षी, त्याच माँटगोमरीत, 12 आणि 14 वर्षांच्या दोन कृष्णवर्णीय बहिणींची सरकारी पैशाने चालणाऱ्या दवाखान्यामार्फत नसबंदी झाली. लिहिता-वाचता न येणाऱ्या आईने कागदावर फुली मारली होती. पण या प्रत्येक प्रसंगातला अन्याय संमती हिरावण्याचा आहे. सक्तीची नसबंदी आणि सक्तीचे बाळंतपण यांची फळे उलटी असली तरी दोन्हींत ठरवणारा दुसराच असतो. म्हणूनच 1994 मध्ये कृष्णवर्णीय कार्यकर्त्या स्त्रियांनी ‘प्रजननविषयक न्याय’ ही कल्पना मांडताना मूल नको म्हणण्याबरोबरच मूल होऊ देण्याचा आणि ते सुरक्षितपणे वाढवण्याचा हक्कही मागितला.

या दुसऱ्या हक्काकडे कायदा उशिरा वळला: बाळंतपणानंतरचे मेडिकेडचे (कमी उत्पन्न असणाऱ्यांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचे) संरक्षण 60 दिवसांवरून 12 महिन्यांवर नेणारा कायदा मिसिसिपीने मार्च 2023 मध्ये केला, म्हणजे बंदीनंतर आठ महिन्यांनी.