थेंबातले फूल आणि कामकऱ्याचा उजेड

छायाचित्रांच्या प्रदर्शनात हल्ली एक चित्र हमखास आढळते. गवताच्या पात्यावर पाण्याचे तीन-चार थेंब ओळीने लटकलेले असतात आणि प्रत्येक थेंबात एकेक फूल पाकळ्यांसह उमटलेले असते. मागचे खरे फूल धूसर, आणि थेंबातले मात्र रेखीव! पाहणारा म्हणतो, “काय कॅमेरा आहे!” आमचे म्हणणे असे की, ह्या कामात कॅमेरा अगदी शेवटी आला. त्याआधी सुमारे दोन हजार वर्षांचा इतिहास आहे. आणि त्यातील मोठा भाग दरबारात किंवा विद्यापीठात नव्हे, तर जोडे शिवणारे, कापड रंगवणारे आणि लेस विणणाऱ्या बायका ह्यांच्या कामाच्या जागी घडला आहे. आमच्यासारख्या युनियनच्या माणसाने हा विषय का घेतला, ह्याचे उत्तर त्यातच आहे.

प्रथम थेंबाची करामत समजून घेऊ. प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वाकतो आणि पाण्यातून बाहेर पडताना पुन्हा वाकतो. ह्यालाच वक्रीभवन म्हणतात. लहान थेंब पृष्ठताणामुळे जवळजवळ गोल राहतो. म्हणून तो निसर्गाने फुकट दिलेले भिंगच होय. पाण्याचा वक्रीभवनांक सुमारे १.३३ आहे. त्यावरून हिशेब केला, तर दूरच्या वस्तूची प्रतिमा थेंबाच्या मध्यापासून जवळजवळ त्याच्या व्यासाइतक्या अंतरावर पडते. थेंब चार मिलिमीटरचा असेल, तर मागच्या फुलाची प्रतिमा मध्यापासून चारएक मिलिमीटरवर, कॅमेऱ्याच्या बाजूस तयार होते. म्हणून जाणता छायाचित्रकार कॅमेरा थेंबावर रोखत नाही, थेंबाच्या किंचित अलीकडे असलेल्या त्या प्रतिमेवर रोखतो. शिवाय ही प्रतिमा उलटी असते. थेंबात फूल सुलटे दिसावे म्हणून तो खरे फूल मागे उलटे टांगतो! थेंब लवकर सुकू नये म्हणून पाण्यात थोडे ग्लिसरिन मिसळतो. इतका खटाटोप झाल्यावर आपण त्याला ‘सहज टिपलेले चित्र’ म्हणतो.

हे ज्ञान आले कोठून? रोमचा तत्त्वज्ञ सेनेका ह्याने पहिल्या शतकात नोंदवून ठेवले आहे की, पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यातून पाहिले असता बारीक व अंधुक अक्षरेही मोठी व स्पष्ट दिसतात. गुण पाण्याचा, अशी त्याची समजूत. गोल आकाराचे महत्त्व त्याच्या ध्यानात आले नाही. पुढे अकराव्या शतकात कैरो येथे इब्न अल-हैथम ह्याने प्रकाशशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याचाच अभ्यास करून इराणातील कमालुद्दीन अल-फारिसी ह्याने चौदाव्या शतकाच्या आरंभी पाण्याने भरलेला काचेचा गोळा पावसाच्या थेंबाच्या जागी कल्पून इंद्रधनुष्याचे कोडे उलगडले. त्याच सुमारास, त्याची काही वार्ता नसताना, जर्मनीतील थिओडोरिक ह्या धर्मगुरूनेही तसाच प्रयोग केला. सन १६०४ मध्ये केप्लरने पाण्याच्या गोळ्यावर प्रयोग करून आणखी एक गोष्ट दाखविली: आपल्या डोळ्याच्या पडद्यावरही जगाची प्रतिमा उलटीच पडते. म्हणजे थेंबात फूल जसे उलटे, तसेच ते आपणा प्रत्येकाच्या डोळ्यातही उलटे असते. थेंब हा जणू उघडा टाकलेला डोळाच आहे.

ही झाली ग्रंथांत नोंदली गेलेली बाजू. आता दुसरी पाहू. युरोपात जोडे शिवणारे कारागीर रात्री कामाला बसत, तेव्हा दिव्यापुढे पाण्याने भरलेला काचेचा गोळा टांगत. दिव्याचा पसरट उजेड त्या गोळ्यातून गोळा होऊन टाक्यावर पडे. जर्मन भाषेत ह्या वस्तूला ‘मोच्याचा गोळा’ असेच नाव आहे. इंग्लंडच्या बेडफर्डशर, बकिंगहॅमशर वगैरे भागांत लेस विणणाऱ्या बायका एका उंच घडवंचीवर मधोमध एक मेणबत्ती लावीत, तिच्याभोवती पाण्याचे गोळे मांडीत आणि सभोवार दोन-तीन रांगांनी बसत. एका मेणबत्तीवर डझनभर व त्याहूनही अधिक बायका! सर्वांत कसबी बाई पहिल्या रांगेत, म्हणजे पहिल्या उजेडात. तिच्याहून कमी ती दुसऱ्या उजेडात. शिकाऊ पोर तिसऱ्यात. उजेडाचीसुद्धा श्रेणी लागलेली होती.

आम्ही कित्येक वर्षे मागणीपत्रके लिहीत आलो आहोत. पगार, बोनस, महागाई भत्ता ह्यांच्या खाली कोठेतरी सातव्या-आठव्या कलमात ‘यंत्रावर पुरेसा दिवा’ असे एक वाक्य असते, आणि तडजोडीच्या वेळी बहुधा तेच प्रथम सोडले जाते. मेणबत्तीभोवतीच्या त्या रांगांची हकीकत वाचनालयात वाचली, तेव्हा हे कलम किती जुने आहे ते आम्हांला उमगले.

कारखान्यातून प्रयोगशाळेत जाणाऱ्या वाटेवरही कामकरी भेटतातच. डेल्फ्टचा लेवेनहुक कापडाचा दुकानदार. सतराव्या शतकात स्वतः घडवलेल्या इवल्याशा भिंगांतून त्याने पाण्याच्या थेंबातले जीवजंतू पाहिले. त्याच्याहून आम्हांला जवळचा वाटतो तो कँटरबरीचा स्टीफन ग्रे. हा धंद्याने रंगारी. उत्तम भिंग परवडणारे नव्हते. त्याने धातूच्या पातळ पट्टीला बारीक भोक पाडले, त्यात पाण्याचा थेंब बसविला आणि त्या थेंबातूनच सूक्ष्म वस्तू पाहिल्या. ही हकीकत १६९६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. पुढे १७२९ मध्ये त्याने वीज एका वस्तूतून दुसऱ्या वस्तूत वाहून नेता येते, हे प्रयोगाने सिद्ध केले. सोसायटीचे पहिले कोपली पारितोषिक १७३१ साली त्यालाच मिळाले. तरीही त्याचा अंत १७३६ मध्ये लंडनच्या चार्टरहाऊस ह्या धर्मादाय आश्रमात झाला. शास्त्राने मान दिला. पण म्हातारपणाची भाकर धर्मादायाची!

छायाचित्रण जगापुढे आले ते १८३९ साली. वीसच वर्षांनी, १८५९ मध्ये, टॉमस सटन ह्या इंग्रजाने विस्तृत देखावा टिपण्यासाठी पाण्याने भरलेल्या काचगोलाचे भिंग असलेला कॅमेरा तयार केला. मोच्याचा गोळा असा कॅमेऱ्यातच जाऊन बसला! परंतु कॅमेऱ्यापुढे थेंब ठेवून त्यातले फूल टिपायचे, तर भिंगाला जे दिसते तेच डोळ्याला दिसले पाहिजे. केसभर चूक झाली की प्रतिमा निसटते. १९३६ साली ड्रेस्डेन येथे निघालेल्या ‘किने एक्झाक्टा’सारख्या आरसा बसविलेल्या लहान कॅमेऱ्यांनी ही सोय हौशी माणसाच्या हाती आणून दिली. आज तर मोबाईल फोनच्या भिंगावरच पाण्याचा थेंब सोडून पोरेटोरे बारीक किड्यांची चित्रे घेतात. त्यांना ग्रेचे नाव ठाऊक नसते. युक्ती मात्र त्याचीच.

तथापि साधने आली म्हणजे सर्व आले, असे मात्र नाही. थेंबातले फूल टिपायला कॅमेऱ्याइतकीच गरज आहे ती रिकाम्या सकाळची. दव उन्हाने उडते. पहिल्या पाळीला गेलेल्या माणसासाठी ते थांबत नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची एक हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी कामगारांची संघटना उभारली, सभा घेतल्या, अर्ज केले. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ह्या तारखेला छायाचित्रणाच्या इतिहासात कोणी जागा देत नाही. आमच्या मते ती दिली पाहिजे. कारण मोच्याचा गोळा कामाचा दिवस रात्रीत लांबविण्यासाठी होता, आणि रविवारची सुट्टी त्याच दिवसाला लगाम घालण्यासाठी. एकाने उजेड कामावर आणून टाकला. दुसरीने माणसाला उजेडात आणून सोडले.

कोणी विचारील, पोटाला भाकरी नसलेल्याला थेंबातल्या फुलाचे काय कौतुक? प्रश्न रास्त आहे, पण उत्तर सोपे आहे. ग्रे पोटासाठी कापड रंगवीत होता, आणि पाण्याचा थेंबही पाहत होता. भाकरी आधी मागावी, हे आम्ही जन्मभर सांगत आलो. पण भाकरीपाशीच थांबावे, असे आम्ही कधी सांगितले नाही. ज्यांच्या हातांनी हे भिंग दोन हजार वर्षे वापरले, त्यांच्या डोळ्यांनाही त्यातून एखादे फूल पाहण्याचा हक्क आहे. उद्या प्रदर्शनात असे चित्र दिसले, तर कॅमेऱ्याची किंमत खुशाल विचारा. पण त्याबरोबर मेणबत्तीभोवती तिसऱ्या रांगेत बसलेल्या त्या शिकाऊ पोरीचीही आठवण ठेवा. थेंबातल्या त्या उजेडाची किंमत तिने आधीच चुकती केलेली आहे.