रेडची गती आणि गिल्डमधील गळती : ऑनलाइन खेळांच्या इतिहासातील एक धडा (1999 ते 2019)

प्रस्तावना

ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळांत रेड म्हणजे अनेक खेळाडूंनी मिळून घातलेली धाड. दहा, पंचवीस किंवा चाळीस जण ठरलेल्या वेळी संगणकासमोर बसतात आणि एका बलाढ्य शत्रूला, म्हणजे बॉसला, हरवायचा प्रयत्न करतात. बॉस पडला की शस्त्रे, चिलखते अशी लूट मिळते आणि तिच्या बळावर पुढचा बॉस आवाक्यात येतो. अशा धाडी नियमितपणे घालणाऱ्या गटाला गिल्ड म्हणतात.

या पाठात आपण एकच प्रश्न पाहणार आहोत. पुढचा टप्पा किती लवकर किंवा किती उशिरा उघडावा? हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. पण गती चुकली की माणसे गळतात आणि माणसे गळली की वर्षानुवर्षे जुळलेला गट मोडतो.

1. सुरुवातीचा काळ

मार्च 1999 मध्ये एव्हरक्वेस्ट हा खेळ आला. त्यातील मोठे बॉस सर्वांना सामाईक असलेल्या जगात असत. त्यामुळे बॉस प्रकट झाला की आधी कोण पोहोचतो यावर गिल्डांमध्ये चुरस चाले. लूट कोणाला द्यायची हा वाद मिटवण्यासाठी खेळाडूंनीच हजेरीनुसार गुण देण्याची पद्धत काढली. ती 'डीकेपी' या नावाने ओळखली जाते. टिकून राहणाऱ्याला मोबदला मिळावा, हा तिचा हेतू होता. म्हणजे गळतीची चिंता पहिल्यापासून होतीच.

नोव्हेंबर 2004 मध्ये ब्लिझार्ड कंपनीने वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट बाजारात आणला. यात प्रत्येक गटाला रेडची स्वतंत्र प्रत मिळे, त्यामुळे धावाधाव संपली. मात्र एकदा मारलेला बॉस त्याच आठवड्यात पुन्हा मारता येत नसे. या साप्ताहिक बंधनाला लॉकआउट म्हणतात. मोल्टन कोअर या पहिल्या मोठ्या रेडमध्ये 40 खेळाडूंची जागा आणि 10 बॉस होते.

2. थोडे गणित

एक सोपे उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते कल्पित आहेत. 10 बॉस दर आठवड्याला प्रत्येकी 2 वस्तू देतात, म्हणजे आठवड्याला 20 आणि महिन्याला 80 वस्तू. 40 खेळाडूंना प्रत्येकी 10 वस्तू हव्यात, म्हणजे एकूण गरज 400. कोणीही सोडून गेले नाही आणि एकही वस्तू वाया गेली नाही, तरी 20 आठवडे लागतील.

आता गळती धरू. जाणारा खेळाडू आपल्या वस्तू घेऊन जातो आणि नवा रिकाम्या हाताने येतो. टाकीत नळ चालू आहे आणि तळाला भोकही आहे, असा हा प्रकार आहे. महिन्याला 20 टक्के खेळाडू जात असतील, तर भरलेल्या टाकीतून 80 वस्तू जातात आणि तेवढ्याच येतात. गळती 25 टक्के झाली की पातळी 320 च्या वर जात नाही. 40 टक्के झाली की ती 200 वर, म्हणजे निम्म्यावरच थांबते. असा गट कितीही मेहनती असला तरी सज्ज होत नाही.

हजेरीचेही तसेच. प्रत्येक जण 100 पैकी 95 वेळा येतो असे मानले, तर ठरलेले सर्व 40 जण एकाच रात्री हजर असण्याची शक्यता सुमारे 13 टक्के येते. 25 जणांसाठी ती सुमारे 28 टक्के आणि 10 जणांसाठी सुमारे 60 टक्के. म्हणून राखीव खेळाडू ठेवावे लागतात. पण जो सतत राखीव बसतो, तोच आधी कंटाळून जातो.

3. भिंत आणि शिडी

जानेवारी 2006 मध्ये आन किराज हा रेड आला. त्याचा शेवटचा बॉस क्थून मूळ स्वरूपात जवळपास अजिंक्य होता. कंपनीने त्यात बदल केल्यावर एप्रिलच्या अखेरीस तो प्रथम पडला. जूनमध्ये आलेला नॅक्सरामस तर फारच थोड्या खेळाडूंनी पाहिला. पुढे 2008 मध्ये ब्लिझार्डने तोच रेड 10 आणि 25 जणांसाठी नव्याने दिला, त्यामागे हे एक कारण होते.

जानेवारी 2007 च्या विस्तारात मोठ्या रेडची संख्या 40 वरून 25 झाली आणि सुरुवातीचा काराझान हा रेड 10 जणांचा ठेवला गेला. गणित सुटले, पण माणसांचे काय? 40 जणांच्या गिल्डने आधी दहा-दहांचे गट करायचे, मग त्यातून 25 निवडायचे. उरलेल्या 15 जणांना कोणीतरी 'तुमची गरज नाही' असे सांगायचे होते. शिवाय रेडमध्ये शिरण्यापूर्वी प्रत्येकाला प्रवेशाच्या अटींची लांब साखळी पूर्ण करावी लागे. नवा खेळाडू घेतला की त्याच्यासाठी सगळ्यांनी जुनी कामे पुन्हा करायची. गळती भरून काढणे त्यामुळे महाग झाले. पुढे या अटी टप्प्याटप्प्याने काढाव्या लागल्या.

4. गती हाती घेणे

डिसेंबर 2009 मध्ये आइसक्राउन सिटाडेल उघडला, तोही भागाभागाने. 2010 मध्ये तेथे खेळाडूंचे बळ 5 टक्क्यांनी वाढवण्यात आले आणि ते हळूहळू 30 टक्क्यांपर्यंत नेले. बलाढ्य गिल्डांनी आधी जिंकावे, बाकीच्यांनी नंतर का होईना पण शेवट पाहावा, ही त्यामागची कल्पना. ऑक्टोबर 2010 मध्ये कंपनीने 1 कोटी 20 लाख सदस्य जाहीर केले.

2011 च्या अखेरीस रेड फाइंडर आला आणि अनोळखी माणसांसोबतही सोप्या पातळीवर रेड करता येऊ लागला. आता शेवट पाहण्यासाठी गिल्डची गरज उरली नाही. दार सर्वांना खुले झाले, पण एकत्र राहण्याचे एक कारण कमी झाले.

उलट टोकाचे उदाहरण सीज ऑफ ऑर्ग्रिमारचे. सप्टेंबर 2013 मध्ये आलेला हा रेड पुढील विस्तार येईपर्यंत, म्हणजे नोव्हेंबर 2014 पर्यंत, 14 महिने शेवटचाच राहिला. 2013 च्या अखेरीस सुमारे 78 लाख असलेली सदस्यसंख्या 2014 च्या मध्यास 68 लाखांवर आली. नवा विस्तार येताच ती 1 कोटीच्या वर गेली आणि 2015 च्या मध्यास 56 लाखांपर्यंत उतरली. या चढउतारामागे एकच कारण नाही. तरी एवढे दिसते की भिंत उंच असली की लोक थकून जातात आणि पुढे वाटच नसली की कंटाळून जातात.

5. 2019 चा पुरावा

ऑगस्ट 2019 मध्ये जुना खेळ 'क्लासिक' या नावाने परत आला. मोल्टन कोअरचा शेवटचा बॉस रॅग्नारोस पूर्वी एप्रिल 2005 मध्ये, म्हणजे सुमारे पाच महिन्यांनी, प्रथम पडला होता. या वेळी तो पहिल्याच आठवड्यात पडला. खेळाच्या उत्तरकाळातील सुधारित आवृत्ती वापरली गेली, हे एक कारण. दुसरे कारण ज्ञानाचे. पंधरा वर्षांत सर्व युक्त्या लिहून ठेवल्या गेल्या होत्या. म्हणजे गती बॉसच्या बळावरच ठरत नाही. खेळाडूंना आधीपासून काय माहीत आहे, यावरही ती ठरते.

समारोप

वीस वर्षांत रचनाकारांनी संख्या कमी केली, अटी काढल्या, बळ वाढवून दिले. प्रत्येक उपायाने एक गळती थांबवली आणि दुसरीकडे नवी फट पाडली. बॉसची ताकद एका आकड्याने बदलता येते. पण पाच वर्षे दर बुधवारी भेटणारी पंचवीस माणसे एकदा पांगली की नव्या आवृत्तीने परत जुळत नाहीत. उद्या तुम्ही कोणतीही सामूहिक प्रणाली रचाल, तेव्हा किती नवे लोक आले याबरोबरच जुने का गेले, हेही मोजा.

विचारासाठी प्रश्न

1. वरील उदाहरणात प्रत्येक बॉस 3 वस्तू देऊ लागला, तर गट पूर्ण सज्ज राहण्यासाठी मासिक गळतीची कमाल मर्यादा किती?
2. रेड फाइंडरमुळे कोणाचा फायदा झाला आणि कोणाचे नुकसान? दोन्ही बाजू मांडा.