चाकाच्या खुर्चीची गोष्ट

१६५५च्या सुमारास जर्मनीत न्यूरेंबर्गजवळ श्टेफान फार्फलर नावाचा घड्याळजी होता. चालता येत नव्हतं, म्हणून त्याने हाताने फिरवायची तीनचाकी स्वतःच बनवली. पुढे १९३३मध्ये अमेरिकेत खाणीच्या अपघातात जायबंदी झालेले हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्यांचे मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी घडीची खुर्ची केली. तिच्या बैठकीखालची दांड्यांची फुली आजही आपल्याकडच्या खुर्च्यांना दिसते.

खुर्ची उघडताना बैठक तळव्यांनी दाबूया, बोटं दांडीखाली नकोत. ब्रेक टायरवरच दाबतो. हवा कमी झाली की तो सैल पडतो आणि बसता-उठताना खुर्ची निसटते. म्हणून दर आठवड्याला हवा, दोन्ही ब्रेक, नटबोल्ट पाहूया. आणि पाना लावण्याआधी बसणारीला विचारूया. फार्फलरची खुर्चीही बसणाऱ्यानेच घडवली होती ना!