घर विकले केव्हा?

वसई-विरारच्या गेल्या तीन-चार दशकांचा इतिहास शोधताना मी सातबारा, विकास आराखडे आणि वर्तमानपत्रांची कात्रणे पाहत आलो. बांधकाम कंपन्यांचे वार्षिक अहवाल उघडले ते फार उशिरा. त्यांत एक साधा प्रश्न दडलेला होता : घर विकले गेले, असे केव्हा म्हणायचे? करारावर सही झाली तेव्हा, भिंती उभ्या राहिल्या तेव्हा, की किल्ली हातात पडली तेव्हा?

१९९० मध्ये सिडको येथील विशेष नियोजन प्राधिकरण झाली. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून महानगरपालिका झाली. या काळात वाड्या आणि भातशेतांच्या जागी इमारती उठल्या. घर बहुधा कागदावर असतानाच विकले जाई. गिऱ्हाईक जोते, स्लॅब, प्लास्टर अशा टप्प्यांनी हप्ते भरी.

कंपन्यांचे हिशेबही टप्प्यांनीच चालत. सनदी लेखापालांच्या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे परवानग्या हाती असल्या, बांधकामाचा २५ टक्के खर्च झाला, २५ टक्के क्षेत्राचे करार झाले आणि त्या करारांची किमान १० टक्के रक्कम आली, की जितके काम तितकी विक्री दाखवता येई. समजा, ४० लाखांच्या घराचा खर्च ३० लाख. निम्मे काम झाले की २० लाखांची विक्री आणि ५ लाखांचा नफा पुस्तकात. घरात मात्र अजून दारे-खिडक्याही नसत.

१ एप्रिल २०१८ पासून ‘इंड एएस ११५’ हे मानक लागू झाले. त्याचा प्रश्न वेगळा आहे : घराचा ताबा आणि हक्क गिऱ्हाइकाकडे गेला का? झालेल्या कामाचे पैसे मागण्याचा पक्का कायदेशीर हक्क असेल, तरच टप्प्याटप्प्याने विक्री दाखवता येते. त्यामुळे अनेक कंपन्यांना भोगवटा प्रमाणपत्र किंवा ताबा मिळेपर्यंत थांबावे लागले. आधी दाखवलेले ते ५ लाख साठलेल्या नफ्यातून वजा झाले. गिऱ्हाइकाचे हप्ते विक्रीच्या रकान्यातून निघून देण्याच्या बाजूला गेले. इमारत तीच, रोकडही तीच. बदलला तो ताळेबंद.

मला हा बदल मोलाचा वाटतो. हप्ता भरणारा माणूस कंपनीचा धनको आहे, ही गोष्ट ताळेबंद आता उघडपणे सांगतो.

पण त्याचा आवाकाही ओळखला पाहिजे. हे मानक शेअर बाजारातील आणि मोठ्या कंपन्यांना लागू आहे. इथले बरेच बांधकाम भागीदारी संस्थांनी केले. त्या त्याच्या कक्षेबाहेरच. आणि कक्षेतल्यांनाही ते तारून नेत नाही. वसई-विरार पट्ट्यात मोठ्या जमिनी असलेली एचडीआयएल २००७ मध्ये शेअर बाजारात आली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ते काही मानकामुळे घडले नाही. मानक फक्त देणे कुठे लिहायचे ते सांगते. हप्त्यांचे पैसे बांधकामावरच खर्च व्हावेत, यासाठी वेगळा कायदा लागला : महारेराच्या नियमाने २०१७ पासून ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते.

या शहराचा इतिहास लिहिणाऱ्याने म्हणूनच २०१८ च्या अलीकडचे आणि पलीकडचे नफ्याचे आकडे एका रांगेत मांडू नयेत. दोहोंत ‘विकले’ या शब्दाचा अर्थ एक नाही.